मोज्यांवर

बोट्सफ्योर. दुपारचे बारा, आणि खिडकीत
बंदरावरचे दिवे सोडून काही नाही.
सूर्य नोव्हेंबरात गेला, जानेवारीत कधीतरी येईल.
पडद्यावर मात्र दर वीस मिनिटांनी उगवतो,
चौकोनी, बिनचूक,
आणि सहावीची पोरं त्याच्याकडे बघतसुद्धा नाहीत.

धर्माचा तास. मी फळ्यावर लिहिलं होतं:
एक पवित्र जागा बांधा.
प्रवेश, दिशा, मध्य, उजेड.
चार रकाने, प्रत्येकी पाच गुण.
उजेड घातला तो खेळाच्याच धाकानं,
तिथे अंधाऱ्या कोपऱ्यात राक्षस उपजतात.

येमानेनं काही रचलंच नाही.
खडकाच्या पाठीवर उभा राहिला
आणि नुसता काढत गेला, काढत गेला,
खाली चर्च उरेपर्यंत.
दाराशी पेटी. आधी बूट त्यात, मग आत.
एक मेंढी तशीच शिरली.
"तिला चालतं," तो म्हणाला.

यालिनीच्या कोविलाला रंग पुरेनात.
गोपुराला किती रांगा, हे विचारायला
ती आईला फोन लावी, मासळीच्या कारखान्यात,
आणि आकड्याआधी ऐकू येई
पाणी, सुऱ्या, पुन्हा पाणी.

गिन्तारेनं टेकडीभर क्रूस रोवले.
मोजले नाहीत. मीही नाही.

आइला सामी, रेनडियरवाल्या घरातली.
तीन तास पठारावर नुसती चालली,
मग एका दगडापाशी थांबली.
"हा."
ना शेंदूर, ना टाकीचा एकही घाव,
तरी झालेला.
मी रकाने पाहिले. प्रवेश: नाही.
दिशा: सगळ्या?

शुरला काहीच सुचेना. मग त्यानं
धक्क्यावरची बाबाची शेड बांधायला घेतली,
जी दोन हिवाळे कुणी उघडलेली नाही.
समुद्राकडच्या खिडकीत कंदील.
दाराला कडी नाही, चुकून नव्हे.
भिंतीला दगड कमी पडले,
तेव्हा घेतले, दिसले तिथून.

बुधवारी आइला आली, तिनं पडदा पाहिला,
आणि ओरडली नाही.
ते जास्त वाईट होतं.

शुरनं अकरा दगड मोजून परत आणले,
त्याच जागी, त्याच उंचीला लावले.
"बघ, सेम."
खरंच सेम. यंत्राला विचारलं असतं
तर त्यानंही हेच सांगितलं असतं.
"हा तू केलायस," ती म्हणाली.
"तो कुणी केला नव्हता."

माझ्याकडे सोमवारची प्रत होती.
एक बटण, आणि दगड परत, खुद्द तोच.
त्याच्यासोबत मेंढी गेली असती,
गोपुराची शेवटची रांग,
खिडकीतला कंदील.
मी वर्गाला विचारलं. वर्गानं आइलाकडे पाहिलं.
आइला शुरच्या खिडकीकडे पाहत राहिली,
इतका वेळ, की खेळात
एक अख्खी रात्र होऊन गेली.

"राहू दे."
मग ते अकरा दगड तिनंच एकेक उपसले
आणि शेडच्या भिंतीत नेऊन बसवले.
खड्डा मात्र बुजवला नाही.

आता पोरं पळत येतात, भांडत येतात,
आणि खड्ड्यापाशी वळसा घेतात.
असं कुणी ठरवलेलं नाही.
त्यात दिवा नाही. नियमानं तिथे
राक्षस उपजायला हवा होता.
अजून कुणी पाहिलेला नाही.
माझे रकाने कोरेच आहेत,
मुख्याध्यापक दोनदा विचारून गेले.

आणि मग एका मंगळवारी, गणिताच्या तासाला,
डोंगराच्या काठावर तो आला, खरा,
काही मिनिटांपुरता.
पडद्यावर इतका उजेड पडला
की आमचं गाव पुसून गेलं,
चर्च, कोविल, क्रूस, शेड, खड्डा.
कोण आधी उठलं, आठवत नाही.
सगळे बाहेर, बर्फात,
जाकिटं खुंटीला, बूट दाराशी रांगेत,
मोज्यांवर.